वाडा पाहा, पण भाऊंचा चेहराही पाहा

'पानिपत' पाहायला बसणार असाल तर एक विनंती. आपला इतिहास आहे म्हणून सगळंच उत्तम म्हणू नका आणि नायक कमी पडला म्हणून अख्खा सिनेमा मोडीतही काढू नका.

आशुतोष गोवारीकरांच्या २०१९ च्या या चित्रपटात डोळ्यांना भरपूर आहे. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत गेला. आज पुण्यात तट, दरवाजे आणि आतली जोती एवढंच उरलंय. नितीन चंद्रकांत देसाईंनी तो वाडा पडद्यासाठी पुन्हा उभा केला. मुलांना वाडा दाखवून आणला असेल तर ही दृश्यं त्यांना जरूर दाखवा. त्या उघड्या जोत्यांवर काय वैभव उभं होतं, ते त्यांना लगेच कळेल.

चित्रपटाचे नायक, मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ यांचं मात्र तसं होत नाही. उदगीर जिंकलेला, हिशेबाला कडक, मानी असा हा माणूस. भाऊंच्या भूमिकेतल्या अर्जुन कपूर यांच्या चेहऱ्यावर करारीपणा आहे, पण तेवढाच. दरबारात तोच, पत्नी पार्वतीबाईंपाशी जवळपास तोच. विश्वासराव गोळी लागून पडतात आणि भाऊ हत्तीवरून उतरतात, तो प्रसंग नीट पाहा. १४ जानेवारी १७६१ ची लढाई तिथे फिरली. पुतण्या गेल्याचं दुःख आणि सेनापतीने आपली जागा सोडण्याचा घातक निर्णय, दोन्ही त्या एका चेहऱ्यावर उमटायला हवं होतं. तिथे आपल्याला धूळ दिसते, गर्दी दिसते, भाऊंच्या मनात काय चाललंय ते दिसत नाही.

पेशवाईवरचाच 'रामशास्त्री' १९४४ चा, कृष्णधवल. 'प्रभात'च्या त्या चित्रपटात न्यायाधीश रामशास्त्रींच्या भूमिकेत राघोबांना जाब विचारणारे गजानन जागीरदार आजही अंगावर काटा आणतात. जमलं तर दोन्ही चित्रपट पाठोपाठ पाहा. फरक समजावून सांगावा लागणार नाही.

कुणी 'कसा आहे?' विचारलं तर दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या सांगा: नेपथ्य पाहण्यासारखं, मुख्य अभिनय कच्चा. असं बोलायला कचरू नका. नटाच्या उणिवेवर बोट ठेवल्याने पूर्वजांचा अपमान होत नाही. उलट भाऊंसारख्या माणसाला तोलामोलाचा नट मिळावा, असं म्हणण्यातच त्यांचा मान आहे.

आणि पुढच्या ऐतिहासिक चित्रपटाचा ट्रेलर आला की हत्ती-घोडे मोजू नका. दोन माणसं समोरासमोर बोलत असल्याचा एखादा प्रसंग त्यात शोधा. तो पटला, तर खुशाल तिकीट काढा.