सादळलेला कागद

गेल्या मंगळवारी रात्री साडेनऊला शेजारच्या काकू पेनड्राइव्ह घेऊन आल्या. नातीच्या प्रवेशाचा अर्ज, सात पानं, सकाळी द्यायचा. माझ्याकडे प्रिंटर आहे हे अख्ख्या सोसायटीला ठाऊक आहे. तो पावसाळ्यात कसा वागतो हे फक्त घरच्यांना. पहिलं पान नीट आलं. दुसऱ्याच्या वेळी त्यानं तीन कागद एकदम ओढले. तिसऱ्याला नुसतंच घर्र घर्र केलं आणि लाल दिवा लावून बसला.

“काय रे, रुसला का?” काकूंनी विचारलं.

प्रिंटरचं अवघड काम कोणतं, असं विचारलं की लोक शाईचं नाव घेतात. मला विचाराल तर गठ्ठ्यातून एक आणि एकच कागद उचलणं. 80 जीएसएमचा ए-फोर कागद जेमतेम 5 ग्रॅमचा. बँकेतला कॅशियरसुद्धा नोटा मोजताना बोट ओल्या स्पंजावर टेकवतो, कारण कोरडं बोट घसरतं. प्रिंटरचं बोट म्हणजे रबरी रोलर. तो वरचा कागद पुढे ढकलतो आणि वाटेतच बसवलेली एक छोटी पट्टी, सेपरेशन पॅड, मागून येऊ पाहणाऱ्या दुसऱ्याला अडवते. रोलरची पकड पॅडपेक्षा जास्त हवी आणि पॅडची पकड कागदाला कागद चिकटतो त्याहून जास्त. ही उतरंड बिघडली की एक तर तीन पानं येतात, नाही तर एकही नाही. आमच्याकडे दोन्ही झालं होतं.

तीन पानांचा दोष माझा. कागद हवेतली ओल पितो, म्हणून रिम वेष्टनात ठेवायचा असतो. मी तो फाडून जूनपासून खिडकीशेजारी उघडा ठेवलेला. एक पान उचललं, तर धरल्या जागी मान टाकत होतं. आईनं लांबूनच पाहिलं.

“सादळलाय तो. पापड असा ठेवशील का उघडा?”

गठ्ठ्यातली वरची-खालची पानं काढून टाकली, मधली पत्त्यांसारखी पिसली, कडा टेबलावर ठोकून सारख्या केल्या. ट्रे गच्च भरला नाही. बाजूच्या पट्ट्या कागदाला टेकतील, पण आवळणार नाहीत इतपतच सरकवल्या. त्या सैल राहिल्या की पान तिरकं जातं, आणि तिरकं गेलेलं पान अडकतंच.

मग रोलर. प्लग काढून टॉर्च मारला. रबर नव्या टायरसारखं खरखरीत हवं. आमचं कॅरमच्या स्ट्रायकरसारखं चकाकत होतं. कागदाची बारीक भुकटी त्यावर बसत जाते आणि पकड जाते. जुनं सुती कापड पाण्यात बुडवून घट्ट पिळलं आणि रोलर बोटानं फिरवत पुसला. कापडावर करड्या रेघा उमटल्या. पूर्वी एकदा कोणीतरी नेलपॉलिश रिमूव्हर सुचवलं होतं. नशीब, ऐकलं नाही. त्यानं रबराचीच वाट लागते.

रोलर वाळेपर्यंत चहा झाला. काकूंनी नातीचे टक्के सांगितले, मग सुनेचे विचार.

प्लग लावला, तर पुन्हा लाल दिवा. कागद अडकलाय म्हणे, आणि आत कागदाचा मागमूस नाही! मागचं झाकण काढल्यावर कोपऱ्यात नखाएवढा कपटा सापडला. गेल्या महिन्यात अडकलेलं पान मी चिडून एका हातानं, उलट्या दिशेनं खेचलं होतं. ते दोन्ही हातांनी, कागद जातो त्याच दिशेनं, सावकाश काढायचं असतं. फाटलेला तुकडा आतच राहिला आणि आज हलून नेमका सेन्सरच्या इवल्याशा दांडीखाली जाऊन बसला. दांडी जागची हलली की कागद आलाय, एवढंच यंत्राला कळतं. चिमट्यानं कपटा काढला आणि दिवा हिरवा झाला.

सात पानं निघाली, एकेक. काकूंनी ती दोनदा मोजली, बोट जिभेला लावून.

उरलेला रिम आईनं उडदाच्या पापडांच्या मोठ्या डब्यात ठेवला आहे, झाकण घट्ट लावून. तेव्हापासून प्रिंटर बिनतक्रार चालतोय. फक्त परवा लावलेल्या सोसायटीच्या नोटिशीला हिंगाचा वास येतो, असं तळमजल्यावरून कळलं.