पोराचाही काटा बघा



उसाच्या काट्यावर आपली किती बारीक नजर असते! खेपेमागे थोडा फरक वाटला तरी आपण शेतकी ऑफिसात येऊन आम्हाला जाब विचारता, आणि ते रास्तच आहे. पण घरातल्या पोराचे वजन शेवटचे कधी केले, असे विचारले की बहुतेक जण गप्प बसतात.

मध्यंतरी आम्ही भिवंडीस गेलो होतो. यंत्रमागाचे हे गाव आता गोदामांचेही झाले आहे. बिस्किटे, वेफर, थंड पेये यांची खोकी तिथून ट्रकने निघतात ती थेट आपल्या वस्तीवरच्या टपरीपर्यंत पोचतात. तिथे नोकरीस असलेल्या एका सभासदपुत्राकडे मुक्काम केला. नऊ वर्षांचा नातू जिना चढताना धापा टाकीत होता. आजोबा कौतुकाने म्हणाले, "साहेब, खात्यापित्या घरचं पोर हाय!" आम्ही हसलो खरे, पण मनात खटकले.

युरिया जादा झाला की ऊस हिरवागार दिसतो. पण पुढे लोळतो आणि उतारा घटतो, हे आपणांस सांगायला नको. पोराचेही तसेच आहे. लहानपणीचा लठ्ठपणा बहुधा मोठेपणीही सुटत नाही, आणि मागोमाग मधुमेह, रक्तदाब येतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशात पाच वर्षांखालील जादा वजनाची मुले २०१५-१६ साली शेकडा २.१ होती, ती २०१९-२१ मध्ये ३.४ झाली. आकडा लहान, पण चढता आहे. त्याच वेळी आपल्या तोडणी कामगारांच्या कोपीवर हाडे दिसणारी मुलेही आहेत. काटा दोघांनाही हवा.

कोणी म्हणेल, साखर कारखान्याच्या अंकात साखर कमी खा म्हणता? होय, म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसाला सहा चमचे, म्हणजे सुमारे २५ ग्रॅम साखरेच्या आत राहणे उत्तम. थंड पेयाच्या ३०० मिलिच्या एका बाटलीतच साधारण ३० ग्रॅम असते! सवलतीची साखर घरात आली म्हणून ती पोरांच्या पोटातच संपवली पाहिजे असे नाही. पोरांच्या तब्येतीवर चालणारा धंदा आपल्याला नको.

यासाठी मोठा दवाखाना लागत नाही. अंगणवाडीत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात वजनकाटा व उंचीची पट्टी असते. नुसते वजन पुरत नाही, उंचीशी ताळा घालावा लागतो. तो सिस्टर घालून देतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला. पालघर तेव्हा भिवंडीप्रमाणेच ठाणे जिल्ह्यात होते. त्याचे पथक शाळेत तपासणीस येते. त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका. मात्र आपण जातो ते फक्त ताप आला की. बारीक पोराचे विचारतो, जाड पोराचे विचारतच नाही.

पोराला उपाशी ठेवू नये, 'जाड्या' म्हणून चिडवू तर मुळीच नये. भाकरी, डाळ, भाजी, ताक पोटभर द्यावे. टपरीचा पुडा सणावारी. संध्याकाळी मोबाईल काढून घेऊन मैदानात पिटाळावे. आणि हे आधी थोरांनी पाळावे.

पुढील हंगामात कारखाना स्थळावरील आरोग्य शिबिरात सभासदांच्या व तोडणी कामगारांच्या मुलांची उंची-वजने एकाच रांगेत घ्यावीत, अशी आमची संचालक मंडळास नम्र सूचना आहे. पण तोवर थांबू नका. येत्या आठवड्यात पोराला काट्यावर उभे करा.

— ऊस विकास अधिकारी