पिनियन गेला, वीकेण्ड गेला

रिमोटची गाडी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? तुळशीबागेत हट्ट करून मिळवलेली लाल रेसिंग कार. पुढे गेली की सरळ, रिव्हर्स घेतला की आपोआप वळणार, आणि चौथ्या दिवशी सोफ्याखाली कायमची मुक्कामाला. काहींच्या नशिबी तर वायरचा रिमोट होता. म्हणजे गाडीच्या मागे-मागे आपणच पळायचं!

तर मंडळी, ते खेळणं. आज बोलायचंय ते 'आरसी'बद्दल. दिसायला दोन्ही सारखंच, फरक मोडल्यावर कळतो. खेळणं मोडलं की संपलं. आरसी मोडली की छंद तिथून सुरू होतो, कारण तिचा प्रत्येक गिअर, प्रत्येक शॉक ॲब्सॉर्बर, प्रत्येक स्क्रू सुटा मिळतो. निदान मिळायला हवा. या 'हवा'वर पुढे येतेच.

या प्रकाराची सुरुवात भन्नाट आहे. जपानमधल्या शिझुओकाची तामिया कंपनी प्लॅस्टिक मॉडेल्स बनवायची. १९७० च्या दशकात त्यांनी पोर्श ९३४ चं १/१२ मापाचं मॉडेल करायला घेतलं. बारकावे हुबेहूब यावेत म्हणून शुनसाकू तामियांनी चक्क खरीखुरी पोर्श ९११ विकत घेतली आणि सुटी केली. पुन्हा जोडायला मात्र पोर्शचे मेकॅनिक बोलवावे लागले. साच्यांवर एवढा खर्च झालेला, तर त्याच बॉडीखाली मोटर आणि रेडिओ बसवून १९७६ मध्ये त्यांनी पहिली आरसी कार काढली, आणि ती तुफान चालली. घरी मिक्सर उघडून बसलेल्या आणि नंतर आईला मेकॅनिक बोलवायला लावणाऱ्या तमाम पोरांनी या गृहस्थांचा फोटो लावायला हरकत नाही. शुनसाकू २०२५ मध्ये नव्वदाव्या वर्षी गेले.

आपल्याकडे हे वारं उशिरा पोचलं. जुने रेडिओ सेट २७ मेगाहर्ट्झवाले, त्यामुळे एकाच फ्रिक्वेन्सीच्या दोन गाड्या शेजारी आल्या की तुझा रिमोट माझी गाडी भिंतीवर घालणार. २००५ मध्ये भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना वापरायला मोकळा झाला आणि त्यावरचे सेट हळूहळू स्वस्त झाले. आता दहा जण एकत्र चालवा, कुणाची कुणात लुडबुड नाही.

नव्या मालाकडे बघितलं तर अलीकडच्या वर्षांत एक गोष्ट सॉलिड जाणवते : गाड्या लहान होतायत. ॲक्सियलची एससीएक्स२४ ही १/२४ मापाची, तळहातावर मावणारी 'क्रॉलर' २०१९ मध्ये आली. क्रॉलर म्हणजे वेगाने पळणारी नव्हे, तर दगडधोंड्यांवरून रांगत चढणारी गाडी. ट्रॅक्ससने २०२२ मध्ये टीआरएक्स-४एम आणली, १/१८ मापाची. पुढच्या वर्षी आर्माची ग्रोम मालिका आली, तीही १/१८. वन बीएचकेवाल्या पुणेकरांसाठी यापेक्षा चांगली बातमी नाही. पुस्तकांचा ढीग, उशा, बाथरूमची पायरी, झाला ट्रॅक तयार.

दुसरा प्रकार नॉस्टॅल्जियाचा. तामियाची 'ग्रासहॉपर' १९८४ ची, ती २००५ मध्ये पुन्हा बाजारात आली. 'लंच बॉक्स' नावाची, मागच्या चाकांवर उभी राहणारी गुबगुबीत व्हॅन १९८७ ची, तीही २००५ मध्ये परतली. या किट स्वरूपात येतात, म्हणजे पाकिटं, स्क्रू आणि मॅन्युअल. गाडी तुम्ही बनवायची. मला विचाराल तर पहिली गाडी अशीच घ्यावी. जी गाडी स्वतः जोडलीय, ती उघडायची भीती वाटत नाही.

तयार गाडी घेतली की काय होतं, ते माझ्या कोथरूडच्या मित्राला विचारा. वय ३१, हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग. त्याने घेतली १/१४ मापाची एक चिनी बगी, डब्यातून काढा आणि पळवा टाइप. पळाली, मस्त पळाली. तिसऱ्या रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये 'खर्रर्र' असा आवाज झाला, मोटर फिरतेय आणि गाडी जागेवर. मोटरच्या टोकाला असतो तो छोटा गिअर म्हणजे पिनियन, धातूचा. तो फिरवतो तो मोठा 'स्पर' गिअर, प्लॅस्टिकचा. मोटर धरून ठेवणारा स्क्रू थरथरीने सैल झाला, मोटर एखादा मिलिमीटर सरकली आणि पिनियनने स्परचे दात अक्षरशः चावून खाल्ले.

नवा स्पर बसवला, दोन आठवड्यांत तोही गेला. मग कळलं की दोन गिअरमध्ये किती फट हवी, याचीही एक रीत आहे. दोघांच्या दातांमध्ये कागदाची पातळ पट्टी घालायची, मोटर दाबून स्क्रू आवळायचा, पट्टी फिरवून बाहेर काढायची. पट्टी चुरगळून पण न फाटता आली की फट बरोबर. आणि धातूत बसणाऱ्या स्क्रूला थेंबभर थ्रेडलॉक. प्लॅस्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला मात्र नाही, त्याने प्लॅस्टिक तडकतं. त्याने ते कळायच्या आत सगळ्यांनाच लावलं होतं...

नंतर त्याने एक जुनी तामिया घेतली, तर तिच्या स्क्रूंची डोकी घासायला लागली. हा रोग वेगळा. जपानी अधिक-चिन्हाचा स्क्रू आणि आपल्या ड्रॉवरमधला फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, दोघं चुलतभाऊ दिसतात, पण टोकाचा आकार वेगळा. फिलिप्स जोर लावला की निसटतो आणि निसटताना खाच खातो. जेआयएस मापाचा ड्रायव्हर घ्या, विषय संपला.

सगळ्यात धमाल बेअरिंगची. किटमध्ये बऱ्याचदा प्लॅस्टिकचे बुश येतात, ते काढून बेअरिंग घातलं की गाडी लोण्यासारखी फिरते. मित्र गेला पेठेतल्या एका बेअरिंगच्या दुकानात.

'कशाचं हवंय?'

'गाडीचं.'

'टू व्हीलर का फोर व्हीलर?'

'फोर व्हीलर.'

'मॉडेल सांगा.'

आता काय सांगणार, ग्रासहॉपर? शेवटी त्याने माप सांगितलं : आत ५, बाहेर ११, जाडी ४ मिलिमीटर. काकांनी मान वर न करता ड्रॉवर उघडला आणि आठ नग काउंटरवर ठेवले. वर विचारलंच, 'फोर व्हीलर नक्की केवढीये हो?' बेअरिंगला माप असतं, ब्रँड नाही, हे ज्याला कळलं त्याचे निम्मे पैसे वाचले. सोल्डर, कनेक्टर, वायरी बुधवार पेठेत, हत्यारं बोहरी आळीत. पुण्यात राहून या गोष्टी ऑनलाइन मागवणं म्हणजे चितळ्यांच्या शेजारी राहून बाकरवडी कुरिअरने मागवण्यासारखं आहे.

अडतं ते फक्त त्या-त्या गाडीच्या खास पार्टपाशी. २०२० मध्ये सरकारने खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी २० टक्क्यांवरून ६० टक्के केली, २०२३ मध्ये ७० टक्के. त्यात नोव्हेंबर २०२० मध्ये अलीएक्सप्रेसवर बंदी आली. बऱ्याच जणांचे स्वस्त पार्ट तिथूनच यायचे. देशी खेळणी बनवणाऱ्यांना याचा फायदा झाला असेल, मान्य. पण शंभर रुपयांच्या गिअरसाठी महिनाभर थांबणारा माणूस त्यात कुणाच्या खिजगणतीत नव्हता. त्यामुळे गाडी घेण्याआधी एकच प्रश्न विचारा : हिचा स्पर गिअर आज, भारतात, कुणाकडे स्टॉकमध्ये आहे? दुकानदार 'येईल हो' म्हणाला, तर उठा. ऑनसाइटवाल्या मित्राकडून मागवणार असाल, तर सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिन बॅगेतच आणायला सांगा, चेक-इनमध्ये चालत नाहीत.

आणि बॅटरीवरून गंमत बाजूला. माझा मित्र मागच्या वर्षी तीन महिने बेंचवर होता. प्रोजेक्ट नाही, रोज लॉगिन करून बसायचं, एचआरचा मेल आला की पोटात गोळा. त्या काळात त्याने तीच गिअरबॉक्स चार वेळा उघडली. मी विचारलं, 'अरे, बिघडलीय का?' म्हणाला, 'नाही गं. निदान ही उघडली की कळतं, कुठे काय आहे ते.' मी पुढे काही बोलले नाही. पण याच काळात गाडी बाहेर पळवणं बंद झालं आणि दोन लिपो बॅटऱ्या फुल चार्ज अवस्थेत बाल्कनीत पडून राहिल्या, ऐन एप्रिल-मे मध्ये. बाल्कनीतच रद्दी आणि भिंतीपलीकडे गॅसचा सिलिंडर. एक दिवस त्याच्या आईने हाक मारली, 'अरे, तुझं ते पाकीट पुरीसारखं टम्म फुगलंय बघ!'

फुगलेली लिपो म्हणजे आत गॅस झालाय. ती चार्ज करायची नाही, टोचायची तर अजिबात नाही. पेटली तर पाण्याच्या तांब्याने विझणारी गोष्ट नव्हे ती. त्याने आधी ती रद्दीपासून दूर, वाळूच्या बादलीत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी ई-वेस्ट घेणाऱ्यांकडे दिली. नियम साधे आहेत. फुल चार्ज म्हणजे सेलमागे ४.२ व्होल्ट, तो त्याच दिवशी वापरण्यापुरता. ठेवून द्यायची असेल तर ३.८ च्या आसपास. बऱ्याच चार्जरना 'स्टोरेज' मोड असतो, तो दाबा. चार्जिंगला लावून झोपू नका, आंघोळीलासुद्धा जाऊ नका. चार्जिंग फरशीवर, पडद्यापासून लांब. पैसे वाचवायचेत तर गाडीवर वाचवा, चार्जरवर नको.

आता उरला जागेचा प्रश्न, आणि तो खरा पुणेरी आहे. गाडी आहे, बॅटरी आहे, पळवायची कुठे? मोकळे प्लॉट टॉवर झाले. पार्किंगमध्ये सेक्रेटरी. म्हणूनच मला वाटतं की आपल्या शहराला वेगापेक्षा क्रॉलर मानवेल. माणसाच्या चालीने जाते, आवाज करत नाही, कुणाच्या पायात येत नाही. टेकडीवर नेलीत तर मळलेल्या वाटेवरच ठेवा, गवतात घालू नका. पक्ष्यांची घरटी असतात. पावसाळ्यात न्यायची तर आधी खात्री करा की ईएससी आणि सर्व्हो दोन्ही वॉटरप्रूफ आहेत, आणि घरी आल्यावर बेअरिंगला तेल.

'हे काय खेळायचं वय आहे का?' असं घरी कुणी विचारलंच, तर त्यांना कर्वे रोडवरच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये घेऊन जा. १९९८ मध्ये सुरू झालेलं हे आख्खं छोटं शहर एका पुणेकराच्या छंदातून उभं राहिलंय, रुळांसकट आणि सिग्नलसकट.

मित्राला जूनमध्ये प्रोजेक्ट मिळाला. पहिल्या पगारात काय घेतलं म्हणाल, तर स्टोरेज मोडवाला चार्जर आणि बॅटऱ्या ठेवायला पत्र्याचा डबा. डबा आईच्या पसंतीचा आहे, झाकणावर मोराचं चित्र आहे.