सोलापूरचा हवाई प्रवास घराच्या दारापासून मोजा

सोलापूर ते मुंबई हवाई अंतर साधारण 360 किलोमीटर. मुंबई ते न्यूयॉर्क साडेबारा हजारांच्या घरात. पहिला टप्पा दुसऱ्याच्या पासंगालाही पुरत नाही. तरीही अमेरिकेत लेकीकडे निघालेल्या सोलापूरच्या आई-वडिलांची दमछाक होते ती याच पहिल्या टप्प्यात. रेल्वेने मुंबई साडेचारशे किलोमीटर. ‘वंदे भारत’लाही साडेसहा तास लागतात. मग दादरहून टॅक्सी, शिवाय विमानाच्या तीन तास आधी हजेरी. गाडीला उशीर झाला तर, या धास्तीने अनेक घरं आदल्या दिवशीच मुंबई गाठतात.

होटगी रस्त्यावरच्या विमानतळासाठी या शहराने थोडीथोडकी किंमत मोजलेली नाही. सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी उड्डाणांच्या आड येते, यावरून गावात वर्षानुवर्षे दोन तट पडले होते. 15 जून 2023 रोजी ती पाडली, तेव्हा ऊस उत्पादक सभासदांच्या डोळ्यांत पाणी होतं. 29 सप्टेंबर 2024 ला नव्या रूपातल्या विमानतळाचं उद्घाटन झालं. 9 जून 2025 ला गोव्याचं विमान उडालं आणि 15 ऑक्टोबरला मुंबईचं.

एवढं सोसल्यावर ‘मुंबई तासाभरात’ या जाहिरातीवर शहराने समाधान मानू नये.

कारण अंतरावरून वेळ ठरत नाही. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली. दिल्ली आणि लंडन होती तिथेच राहिली, पण वळसा पडून प्रवास लांबला. सोलापूरकरांना पडणारा वळसा जमिनीवरचा आहे. मुंबईचं विमान दुपारी उतरलं आणि पुढचं मध्यरात्रीनंतर असलं, की वाचवलेले तास विमानतळाच्या बाकावर जातात.

सामानाचंही तसंच. अमेरिकेच्या तिकिटावर सहसा 23 किलोच्या दोन बॅगा नेता येतात. देशांतर्गत तिकिटावर अनेकदा 15 किलोच. दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढली, तर लेकीसाठी बांधलेली चादर, शेंगाचटणी आणि कडक भाकरी यांतलं काय मागे ठेवायचं, हा प्रश्न सोलापुरातच उभा राहतो. पहिल्या विमानाला उशीर होऊन पुढचं चुकलं, तर भुर्दंडही प्रवाशाच्याच माथी.

यावर इलाज आहे. प्रादेशिक विमान कंपन्यांनी मोठ्या कंपन्यांशी करार करून सोलापूर ते परदेश असं एकच तिकीट द्यावं. त्यात बॅग सोलापुरात जमा होईल आणि विमान चुकल्यास पुढची सोय कंपनी करील. मुंबईच्या फेरीची वेळही रात्रीच्या आंतरराष्ट्रीय उड्डाणांशी जुळवावी. ही सेवा तगावी म्हणून राज्य सरकारने तिच्या तुटीचा भार उचलला आहे. पैसा जनतेचा असेल, तर वेळापत्रक ठरवताना जनतेची सोय पाहिली जावी, ही अट सरकारने घालावी आणि सोलापूरच्या खासदार-आमदारांनी ती पदरात पाडून घ्यावी.