आरोग्याचा व्यवसाय, विश्वासाचे भांडवल

आहार-व्यायामाचे मार्गदर्शन हे नाशिकमध्ये आता अनेकांच्या चरितार्थाचे साधन झाले आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यायामशाळा व योगकेंद्रांच्या सेवेवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. परंतु ज्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत आहे, अशा छोट्या मार्गदर्शकाला नोंदणीचे बंधन आधीपासूनच नव्हते. त्याची खरी अडचण कराची नसून व्यवसायाच्या स्वरूपातच आहे.

किराणा दुकानात ग्राहक पैसे देतो आणि वस्तू घेऊन जातो. आरोग्याचे तसे नाही. येथे निम्मे श्रम ग्राहकालाच करावे लागतात. म्हणूनच वर्षाची फी आगाऊ घेऊन गैरहजरांच्या पैशांवर नफा मिळविण्याचा मोह उत्पन्न होतो. मोठ्या व्यायामशाळेला तो कदाचित पचेल. एकट्याने केंद्र चालविणाऱ्याला पचणार नाही. अर्ध्यावर सोडून गेलेला ग्राहकच गल्लीत त्याची अपकीर्ती करतो. महिन्याची फी, नियमित विचारपूस आणि व्याधीची शंका येताच डॉक्टरांकडे पाठविण्याचा प्रामाणिकपणा, हेच त्याचे भांडवल होय.

पुण्याजवळ उरुळीकांचन येथे महात्मा गांधींनी १९४६ साली निसर्गोपचाराचे कार्य सुरू केले. रोग्याने स्वतःचे आरोग्य सांभाळण्यास शिकावे, हा त्यामागील विचार होता. धंद्याच्या हिशेबात तो तोट्याचा वाटेल. तथापि, स्वावलंबी होऊन बाहेर पडलेला ग्राहकच आपल्यामागे चार नवे ग्राहक धाडतो. ग्राहकाला कायमचे बांधून ठेवू पाहणाऱ्यास हे गणित कधीच सुटणार नाही.