पहिला नंबर कुणाचा?

ऑनसाइटला जाणाऱ्या माणसाला सल्ले द्यायला आपल्याकडे अख्खं गाव तयार असतं. कुकरची जादा शिटी घे, भाजणी घट्ट डब्यात भर, पहिले तीन महिने डॉलरला रुपयांनी गुणू नकोस... सगळं मान्य. पण पहिल्याच वीकेंडला तुम्ही भाड्याची गाडी घेऊन न्यू जर्सीच्या नाहीतर बे एरियाच्या एखाद्या शांत गल्लीत शिरता आणि पुढ्यात येतो एक चौक. सिग्नल नाही. मामा नाही. चारही बाजूंना फक्त एकेक लाल अष्टकोनी पाटी: स्टॉप. उजवीकडून एक गाडी आलेली, समोरून एक आलेली. तिघंही थांबलेले. बोला, आता पहिला नंबर कुणाचा?

याचं उत्तर बॅगेतल्या एकाही डब्यात नसतं. आणि खरं सांगायचं तर अमेरिकेतल्या ट्रॅफिकची सगळी गंमत, सगळी शिस्त आणि सगळी लबाडी बघायची असेल, तर फ्रीवेवर जाऊच नका. या ‘फोर-वे स्टॉप’वर पाच मिनिटं उभे राहा.

नियम तसा सोपा आहे. चाकं पूर्ण थांबवायची. पांढरी रेघ असेल तर रेघेच्या अलीकडे, नसेल तर क्रॉसवॉकच्या अलीकडे. जो आधी येऊन थांबला, तो आधी जाणार. दोघं एकदमच आले, तर आपल्या उजवीकडच्याला वाट द्यायची. दोघं समोरासमोर असतील आणि एकाला सरळ जायचंय, दुसऱ्याला लेफ्ट घ्यायचाय, तर लेफ्टवाला थांबणार, कारण तिकडे लेफ्ट म्हणजे आपल्याकडचा राइट. समोरच्याचा रस्ता कापूनच जावं लागतं. आणि क्रॉसवॉकवर कुणी चालत असेल, तर सगळ्यांच्या आधी तो. झालं! दूधकेंद्रावर पहाटे पिशव्यांची रांग लागते ना, तशीच ही रांग. फक्त ती सरळ नाही, चार दिशांना पसरलेली, आणि ‘तुमच्या आधी कोण होतं हो?’ असं विचारायची सोय नाही. काचा बंद असतात.

आता एक गंमत बघा. चौघं चार बाजूंनी अगदी एकाच क्षणी आले तर? प्रत्येकाच्या उजवीकडे कुणी ना कुणी आहेच! उजवीकडच्याचा नियम गोल गोल फिरत राहतो आणि उत्तर निघत नाही. तिथे कुणीतरी मान हलवून ‘तुम्ही जा’ म्हणतो, मगच गाडी पुढे सरकते. म्हणजे एवढं मोठं नियमाचं पुस्तक शेवटी एका माणसाच्या समजूतदारपणावर येऊन टेकतं.

पाटीखालची पाटी

ही पाटी काही कालची नाही. अमेरिकेतली पहिली स्टॉप साइन लागली १९१५ मध्ये, मोटारींचं माहेरघर असलेल्या डेट्रॉइटमध्ये. अष्टकोनी आकार १९२०च्या दशकात ठरला. त्यामागचा हिशेब भारी होता: धोका जितका जास्त, तितक्या पाटीला बाजू जास्त. म्हणून रेल्वे क्रॉसिंगला गोल आणि स्टॉपला आठ कोन. फायदा असा, की पाठमोरी पाटी दिसली तरी आकारावरून कळतं, समोरच्याला थांबायचंय. आणि लाल रंग? तो आला थेट १९५४ मध्ये. त्याआधी ही पाटी पिवळी असायची, कारण उन्हापावसात न उडणारा लाल रंगच मिळत नव्हता.

पण तुमचा जीव वाचवणारी माहिती या पाटीच्या खाली असते. स्टॉपखाली छोट्या पट्टीवर ‘ऑल वे’ लिहिलेलं असेल, तर सगळ्यांनाच थांबायचंय. ते नसेल, तर कदाचित फक्त तुम्हालाच थांबायचंय आणि आडवा रस्ता सुसाट चालू आहे. काही ठिकाणी ‘क्रॉस ट्रॅफिक डझ नॉट स्टॉप’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं, काही ठिकाणी नसतं. नवा माणूस नेमका इथे फसतो. चार दिवस फोर-वे स्टॉपची सवय होते, ‘मी थांबलो, आता तो थांबेल’ असा हिशेब डोक्यात पक्का बसतो, आणि पाचव्या दिवशी टू-वे स्टॉपवर तो कॉन्फिडन्सने पुढे निघतो. आडव्या रस्त्यावरचा मात्र ताशी ४५ मैलांनी येत असतो. त्याच्यासाठी पाटीच नाही! तेव्हा आधी खालची पट्टी वाचा, मग आडव्या रस्त्याच्या पाट्यांची पाठ दिसते का बघा. आठ कोन दिसले तर ठीक. नाही दिसले तर रस्ता पूर्ण मोकळा होईपर्यंत जागचे हलू नका.

आणि वादळात वीज गेली, सिग्नल बंद पडला, तर? बहुतेक राज्यांत अशा मेलेल्या सिग्नलला फोर-वे स्टॉप समजायचं असतं. सहा लेनचा चौक असला तरी एकेकाने थांबून, पाळीपाळीने जायचं.

थांबल्यासारखं करणं

आता लबाडीकडे वळू. गाडी हळू करायची, ताशी सात-आठ मैलांवर आणायची, डावं-उजवं बघितल्यासारखं करायचं आणि सटकायचं. याला तिकडे ‘कॅलिफोर्निया रोल’ म्हणतात. नाव वाचून सुशी आठवली असेल तर चूक तुमची नाही. पण ड्रायव्हिंग टेस्टमध्ये हा रोल केला की कॅलिफोर्नियात थेट फेल. बाकी टेस्ट कितीही झकास दिलेली असो. ‘तीन सेकंद थांबायचं’ असंही मित्रमंडळी छातीठोक सांगतात. तिथल्या कायद्यात सेकंदांचा आकडा नाही. चाक फिरायचं थांबलं पाहिजे, एवढंच.

‘पण रस्ता रिकामा होता ना!’ हा युक्तिवाद फक्त माणसंच करतात असं नाही. टेस्लाच्या ‘फुल सेल्फ-ड्रायव्हिंग’च्या बीटा आवृत्तीत एक सोय होती. आसपास चालती गाडी, सायकल, पादचारी काहीही नसेल, तर ऑल-वे स्टॉपवरून गाडी न थांबता, ताशी साडेपाच मैलांच्या आसपासच्या वेगाने पुढे जायची. फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा प्रशासनाच्या दबावानंतर कंपनीने तब्बल ५३,८२२ गाड्यांचा रिकॉल जाहीर केला आणि सॉफ्टवेअर अपडेटने ती सोय काढून टाकली. सेन्सरला कुणी दिसलं नाही म्हणजे तिथे कुणी नाही, असं नसतं. माणसाच्या डोळ्यांचंही तेच. खिडकीच्या खांबाआड एक अख्खी सायकल लपते.

याच्या अगदी उलटी गोष्ट गूगलच्या गाडीची. २००९ मध्ये त्यांची स्वयंचलित गाडी टेस्टिंगच्या वेळी फोर-वे स्टॉपवर पोचली आणि तिथेच अडकली. का? तर ती वाट बघत होती, की बाकीचे पूर्ण थांबतील. आणि बाकीचे, म्हणजे आपल्यासारखी हाडामांसाची माणसं, इंच इंच पुढे सरकत होती! नियम शंभर टक्के पाळणारी एकटीच गाडी चौकात बावळट ठरली. पुढे इंजिनिअर्सनी तिला किंचित पुढे सरकून ‘आता मी निघतेय’ असं सुचवायला शिकवलं.

या दोन गोष्टी शेजारी ठेवा, म्हणजे थांबण्याचं खरं कारण कळेल. पूर्ण थांबलेली गाडी इतरांना काहीतरी सांगत असते. ‘मी तुला पाहिलंय. तुझी पाळी असेल तर तू जा.’ अर्धवट सरकणारी गाडी काहीच सांगत नाही. ती निघणार की थांबणार, हे ओळखायचं काम ती समोरच्यावर ढकलते. आणि समोरचा कधी कधी चालत असतो, हाताला शाळकरी पोर धरून.

ईएमआय आणि नंबर

आता जरा टोचणारी गोष्ट. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतल्या पॉल पिफ आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. बे एरियातल्या एका फोर-वे स्टॉपवर निरीक्षक लपून बसले आणि २७४ गाड्या मोजल्या. गाडी कुठल्या कंपनीची, किती जुनी, दिसायला कशी, यावरून तिला एक ते पाच असा दर्जा दिला. मग पाहिलं, पाळी नसताना कोण घुसतं. एकूण १२.४ टक्के गाड्या घुसल्या, आणि गाडी जितकी भारी तितकी घुसण्याची शक्यता जास्त. दुसऱ्या अभ्यासात क्रॉसवॉकवर एक माणूस उभा केला आणि १५२ गाड्या पाहिल्या. ३४.९ टक्के गाड्या त्याच्यासाठी थांबल्या नाहीत. इथेही भारी गाड्याच पुढे.

एका परिसरातला अभ्यास आहे, त्यावरून जगातल्या सगळ्या लक्झरी कारवाल्यांना फासावर देऊ नका. पण स्वतःला एक प्रश्न जरूर विचारा. हॅचबॅक विकून एसयूव्ही घेतली, सीट चार बोटं उंच झाली, त्या दिवसापासून चौकात आपलं वागणं बदललं का? ईएमआय वाढला म्हणून नंबर आधी लागत नाही, हे डोक्याला कळतं. अ‍ॅक्सिलरेटरवरच्या पायाला कळतं का?

लाइट मारला, म्हणजे?

इकडून तिकडे जाताना सामानात एक सवय हमखास जाते: डिपर मारायची. आपल्याकडे चौकात लाइट मारला, म्हणजे ‘मी येतोय, तू थांब.’ अमेरिकेत चौकात समोरच्याने लाइट मारला, तर बहुतेक वेळा अर्थ असतो, ‘तुम्ही जा.’ एकच खूण, दोन उलटे अर्थ! तुम्ही सवयीने लाइट मारून निघालात, समोरचा ‘थँक यू’ म्हणून निघाला, की चौकाच्या मधोमध भेट ठरलेली.

हात हलवून ‘आधी तुम्ही’ करणाऱ्या सज्जनांचंही तसंच. चौघंही अडले असतील तेव्हा तो हात सोन्याचा. पण पाळी तुमचीच असताना उगाच कुणाला पुढे बोलावलं, तर बाकीच्या दोघांचा हिशेब चुकतो. शेजारच्या लेनमधून कोण येतंय हे तुमच्या हाताला दिसत नसतं. पाळी आली की जावं. तीही एक प्रकारची सभ्यताच.

‘हे सगळं अमेरिकेचं कौतुक, आपल्याकडे कुठे असलं काही?’ असं म्हणायच्या बेतात असाल, तर थांबा. लर्निंग लायसन्ससाठी आरटीओचा तक्ता पाठ केला होता ना? त्यात तोच लाल अष्टकोन होता. आपल्या १९८९ च्या ‘रूल्स ऑफ द रोड रेग्युलेशन्स’मध्ये स्पष्ट होतं, की चौकात मुख्य रस्त्यावरच्या वाहतुकीला वाट द्या, आणि तसा मुख्य रस्ता नसेल तर उजवीकडून येणाऱ्याला वाट द्या. २०१७ मध्ये त्यांची जागा नव्या ड्रायव्हिंग रेग्युलेशन्सनी घेतली, पण उजवीकडच्याला मान देण्याचं तत्त्व राहिलं. आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे उजवीकडची गाडी चौकात आपल्या पुढ्यात आधी येते. म्हणजे नियमात तर्कही आहे. त्याऐवजी आपण ‘ज्याचं नाक आधी घुसलं त्याचा चौक’ हा नियम मनानेच पास करून घेतलाय. भारतात २०२२ या एका वर्षात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली. ती सगळी चौकात गेली असं अजिबात नाही. पण ‘आधी मी’ची किंमत काय असू शकते, याचा अंदाज यायला हा आकडा पुरे.

आणि जाता जाता एक शब्दाची गोष्ट. ‘राइट ऑफ वे’ म्हटलं की आपल्याला ‘माझा हक्क’ ऐकू येतं. पण अमेरिकेतला रस्त्याचा कायदा नीट वाचला तर तो बहुतेक ठिकाणी तुम्हाला हक्क देतच नाही. वाट कुणी सोडायची, एवढंच तो सांगतो. हक्क मिळतो तो समोरच्याने वाट सोडल्यावर. तोपर्यंत तुमच्याकडे असते ती फक्त पाळी.

म्हणून परदेशात असा नाहीतर आपल्या सोसायटीच्या मागच्या चौकात, ब्रेकवर पाय ठेवून आधी बघा, वाट कुणाला द्यायचीय. चाक थांबवायला लागतात दोन सेकंद. ऑफिसातल्या लिफ्टसाठी आपण रोज त्याहून जास्त थांबतो, आणि तिथे कुणाचा जीवही जात नाही!