मुदतवाढ

परदेशात उतारवय घालवण्याची कल्पना आता मराठी मध्यमवर्गाला नवी राहिलेली नाही. मुले अमेरिकेत किंवा सिंगापुरात, पुण्या-मुंबईतली तीन खोल्यांची जागा रिकामी, गुडघ्यांना जिने झेपेनासे झालेले, आणि हाताशी पेन्शन व फंडाचे पैसे. अशा वेळी एखाद्या स्वस्त, शांत आणि चांगली रुग्णालये असलेल्या गावी जाऊन राहावे, असे कोणालाही वाटेल. आम्ही दोघे थायलंडच्या उत्तरेकडील चियांग माई या शहरात राहतो ते यामुळेच. पुण्याला आलो की प्रश्न ठरलेला असतो, ‘तिकडे राहायची परवानगी मिळते का हो?’ मिळते. पण ती किती दिवसांची, कोणाच्या नावाची आणि कशाच्या जिवावर टिकणारी, हे सहसा कोणी विचारत नाही.

पन्नाशी ओलांडलेल्या परदेशी माणसाला निवृत्तीच्या कारणाने तिथे एकेक वर्ष मुदतवाढ मिळते. त्यासाठी आठ लाख बात (हे तिथले चलन; रुपयांत ही रक्कम वीस लाखांच्या पुढे जाते) अर्जाआधी निदान दोन महिने तिथल्या बँकेत असावे लागतात. नाहीतर दरमहा पासष्ट हजार बातांचे उत्पन्न दाखवावे लागते. अर्जाची फी 1,900 बात. बँकेचे पत्र, ताजी नोंद केलेले पासबुक, पारपत्राच्या प्रती आणि प्रत्येक प्रतीवर सही, असा सगळा जामानिमा घेऊन इमिग्रेशनच्या कचेरीत जायचे. 2019 पासून नियम आणखी आवळला गेला. मुदतवाढ मिळाल्यावर तीन महिने आठ लाखांना हात लावायचा नाही आणि त्यानंतरही शिल्लक चार लाखांच्या खाली जाऊ द्यायची नाही.

मी तीस-पस्तीस वर्षे बँकेत काढली. तारण म्हणून ठेवलेल्या मुदत ठेवीवर आम्ही ‘लीन’ची नोंद करत असू, ठेव ग्राहकाची, पण त्याला ती काढता येत नसे. इथे अशी कोणतीही नोंद नसते, तरी परिणाम तोच. वर्षातले पाच महिने आठ लाख आणि उरलेले सात महिने चार लाख हे पैसे आपले असून आपले नाहीत. पुष्कळ जण हिशेब मांडताना ‘दुखण्याखुपण्याला ते आठ लाख आहेतच’ असे धरून चालतात. रुग्णालयाचे बिल भरायला ते काढले, तर माणूस बरा होऊन घरी येईल, पण पुढच्या वर्षीची मुदतवाढ धोक्यात येईल. औषधपाण्याचा पैसा या रकमेबाहेर, वेगळाच असला पाहिजे.

बरे, वर्षाचा शिक्का मिळाला म्हणजे वर्षभर निश्चिंती असेही नाही. दर नव्वद दिवसांनी आपला पत्ता कळवावा लागतो. नातवाच्या मुंजीसाठी भारतात यायचे तर निघण्यापूर्वी पुनःप्रवेशाचा परवाना घ्यायचा. एका खेपेला एक हजार बात, अनेक खेपांना 3,800. तो न घेता विमानात बसलात, तर वर्षाची मुदतवाढ तिथेच संपली. आणि अशी दहा वर्षे काढली तरी अकराव्या वर्षी अर्ज पहिल्यासारखाच करायचा. निवृत्तीच्या मुदतवाढी साठवून त्यांतून कायमचा रहिवास पिकत नाही.

यात तक्रार करण्यासारखे काही नाही, हे आधी सांगितले पाहिजे. आपल्या घरी राहायला आलेला वृद्ध पाहुणा उद्या आपल्या अंगावर पडणार नाही ना, हे पाहण्याचा कोणत्याही देशाला अधिकार आहे. आपल्याकडेही दर नोव्हेंबरात पेन्शनरला हयातीचा दाखला द्यावा लागतोच. 2014 पासून ‘जीवन प्रमाण’मुळे तो अंगठ्याच्या ठशावर देता येऊ लागला एवढेच. मी स्वतः काउंटरच्या आतल्या बाजूला बसून असे असंख्य दाखले घेतले आहेत. ‘साहेब, मी समोर उभा आहे, आणखी काय दाखला हवा?’ हे वाक्यही ऐकले आहे. कागद मागणारा माणूस शत्रू नसतो. पण कागद ज्याची काळजी घेतो त्याचीच घेतो, बाकीच्यांची आपण घ्यायची असते.

हे बाकीचे म्हणजे बहुतेक वेळा बायको. तिथे मुख्य अर्जदाराबरोबर जोडीदाराला ‘अवलंबित’ म्हणून राहता येते. तिच्या नावावर वेगळे आठ लाख दाखवावे लागत नाहीत. त्यासाठी लग्नाचे प्रमाणपत्र मात्र हवे. आमच्या पिढीतल्या कितीतरी जोडप्यांकडे लग्नपत्रिका आहे, अल्बम आहे, सत्यनारायणाच्या पूजेचा फोटो आहे, पण नोंदणीचा कागद नाही. तो निघण्यापूर्वी करून घेता येतो, म्हणून ही अडचण लहान. मोठी अडचण नवऱ्याच्या मृत्यूनंतरची आहे.

आमच्या ओळखीतले एक गृहस्थ दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात हृदयविकाराने गेले. त्यांच्या पत्नीला हिशेबातले सगळे कळत होते, पण व्यवहार कधी करू दिलेला नव्हता. मुदतवाढीचे पैसे त्यांच्या एकट्याच्या खात्यात. आपल्याकडे ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ असे खाते असते, शिवाय नॉमिनी असतो. त्यामुळे बाईला निदान पैसे हाती येतात. तिथे मृत खातेदाराचे पैसे मिळवायला कोर्टाकडून मालमत्तेचा व्यवस्थापक नेमून घ्यावा लागतो, आणि त्यात महिने जातात. वहिनींचा मुक्काम यजमानांच्या मुदतवाढीवर उभा, तोही आधार गेला. दहावा-बारावा व्हायच्या आत त्यांना ठरवावे लागले की स्वतःच्या नावाने पैसे उभे करायचे की सामान बांधायचे. त्या परत आल्या. भाड्याच्या घरातली कुंड्यांतली तुळस शेजारणीला देऊन आल्या.

म्हणून तिकडे जाऊ पाहणाऱ्यांना माझे सांगणे असे. ऐपत असेल तर दोघांची मुदतवाढ स्वतंत्र, आपापल्या खात्यावर करावी. ऐपत नसेल तर पत्नीच्या नावावर तिथल्या बँकेत निदान सहा महिन्यांचा खर्च आणि परतीचे भाडे असावे. तिथल्या मालमत्तेपुरते मृत्युपत्र तिथेच करावे. कोर्टाची पायरी त्याने टळत नाही, पण चढायला सोपी होते. एकदा तरी मुदतवाढीच्या रांगेत तिने फाईल हातात धरून पुढे उभे राहावे. आणि मायदेशातली जागा घाईघाईने विकून टाकू नये. भाड्याने द्यावी, पण परतायला दार ठेवावे.

निवृत्त एक माणूस होत नाही, घर होते. नोकरीत असताना बदलीचा हुकूम नवऱ्याच्या नावाने यायचा आणि बिऱ्हाड बायको हलवायची. सांगलीहून नांदेड, नांदेडहून रत्नागिरी, ती न विचारता आली. या शेवटच्या बदलीचा अर्ज तरी आपण स्वखुशीने करतो आहोत. तो करण्याआधी, आपण नसताना तिचा मुक्काम कुठे आणि कशाच्या आधारावर असेल, हे तिच्यासमोर बसून कागदावर लिहून काढावे. तिला काय वाटते तेही विचारावे. ‘मला तिथे एकटीने राहायचे नाही’ असे ती म्हणाली, तर तेही उत्तर त्या कागदावर पहिल्या ओळीत लिहावे.